पायथनमध्ये मेमरी हाताने घेता-सोडता येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ताई, शेअर बाजाराचे भाव घेणारा माझा पायथन प्रोग्रॅम सकाळी सव्वानऊला 200 एमबीवर असतो आणि दुपारी दोनपर्यंत 6 जीबीवर जातो. मोठ्या लिस्टवर डेल लावलं, दर दहा मिनिटांनी कचरा गोळा करणारं जीसी.कलेक्ट() चालवतो, तरी आकडा खाली येत नाही. सी भाषेत मॅलॉक आणि फ्री असतं, तशी पायथनमध्ये मेमरी हाताने घ्यायची-सोडायची सोय आहे का?"

सोय आहे. एक सोडून चार तऱ्हांनी आहे, आणि त्यातली एक तुमच्या कामाला चपखल बसेल असं मला वाटतं. पण तिकडे जायच्या आधी डेल आणि कलेक्ट बाजूला ठेवू, कारण तुम्ही त्यांच्याकडून मागताय ते काम त्यांचं नाहीच.

डेल नाव पुसतं, वस्तू नाही. पायथनमध्ये (म्हणजे आपण सगळे वापरतो त्या सीपायथनमध्ये) प्रत्येक ऑब्जेक्टच्या डोक्यावर एक आकडा असतो: मला कितीजणांनी धरून ठेवलंय. डेल केलं की तो एकाने कमी होतो. शून्य झाला तर ऑब्जेक्ट त्याच क्षणी मरतो, कलेक्टरची वाट बघत नाही. शून्य झाला नाही, म्हणजे आणखी कुणीतरी धरून बसलंय. कलेक्टर आला तो 2000 साली, पायथन 2.0 बरोबर, आणि तो फक्त एका कामासाठी: दोन ऑब्जेक्ट एकमेकांना धरून बसले आणि बाहेरचं कुणीच उरलं नाही, तर त्या जोडगोळीला शोधून काढणं. भाव, वेळ आणि संख्या असलेल्या साध्या टपलमध्ये (न बदलता येणाऱ्या छोट्या यादीत) असं वर्तुळ तयार होत नाही. त्यामुळे तुमचा दर दहा मिनिटांचा कलेक्ट येतो, बघतो आणि रिकाम्या हाताने परत जातो.

आता समजा आकडा खरंच शून्य झाला, ऑब्जेक्ट मेले. तरी टॉपमध्ये (कोणती प्रोसेस किती मेमरी खाते ते दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दिसणारी मेमरी खाली येईलच असं नाही. इथे मला गिरगावातली आमच्या मामाची चाळ आठवते. पुनर्विकास ठरला, कागदपत्रं झाली, एकेक बिऱ्हाड हललं. मागच्या बाजूच्या खोलीतल्या एका आजोबांनी मात्र किल्ली दिली नाही. हल्ली संमती प्रत्येकाची लागत नाही, पण इमारत पाडायला प्रत्येक खोली रिकामी लागतेच. तीन पावसाळे अख्खी चाळ रिकामी उभी होती, एका खोलीत दिवा जळत होता.

पायथनची मेमरी अगदी अशीच आहे. 512 बाइटपर्यंतची प्रत्येक छोटी वस्तू पायथन स्वतःच्या इमारतीत ठेवतो. इमारतीला अरीना म्हणतात. 3.10 पासून 64-बिट मशीनवर ती 1 एमबीची असते, त्याआधी 256 केबीची होती. इमारतीचे मजले म्हणजे पूल, 16 केबीचे. एका मजल्यावरच्या सगळ्या खोल्या एकाच मापाच्या. 32 बाइटच्या खोल्या असतील तर मजल्यावर पाचशे दहा बसतात. ऑपरेटिंग सिस्टिमला जागा परत जाते ती अख्खी इमारत रिकामी झाल्यावरच. एक फ्लोट (दशांश आकडा) मागे राहिला की 1 एमबी अडकला. आणि त्या फ्लोटला उचलून शेजारच्या इमारतीत हलवताही येत नाही, कारण सी मध्ये लिहिलेला सगळा कोड त्याचा पत्ता धरून बसलेला असतो.

अडकलेली जागा वाया जात नाही हेही सांगायला हवं. पुढच्या छोट्या वस्तू त्याच खोल्यांत राहायला येतात. म्हणून आकडा 6 जीबीवर जाऊन तिथेच स्थिर राहत असेल तर ती गळती नाही. दिवसातल्या सगळ्यात मोठ्या गर्दीची ती खूण आहे. आकडा वाढतच जात असेल तर प्रकरण वेगळं.

तुमच्या नोंदींचा हिशेब करून बघू. एक नोंद म्हणजे वेळ, भाव, संख्या. पायथन 3.12 वर तीन घरांचा टपल 64 बाइट. वेळेचा फ्लोट, भावाचा फ्लोट. पायथनला विचारलं तर एक फ्लोट 24 बाइट सांगतो, पण खोल्या 16 च्या पटीत असल्यामुळे त्याला खोली मिळते 32 ची. संख्येचा इंट (पूर्णांक) 28 चा, खोली पुन्हा 32. आणि लिस्टमध्ये या टपलचा पत्ता लिहायला 8. एकूण 168 बाइट. त्यातली खरी माहिती किती? आठ, आठ आणि आठ, म्हणजे 24. चोवीस बाइटच्या मालाला एकशे अडुसष्ट बाइटचा संसार. माझ्या मते तुमचं दुखणं बहुतेक हे आहे, आणि म्हणूनच मेमरी हाताने घेण्याचा विचार तुमच्या बाबतीत चुकीचा नाही. फक्त त्याचं कारण तुम्हाला वाटतंय ते नाही. हाताने सोडता येतं म्हणून नव्हे, तर माल ऑब्जेक्टच्या वस्तीबाहेर एका गोदामात ठेवता येतो म्हणून ते करायचं.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा सगळ्यात वाईट वाटेने केलं. लोअर परळच्या एका ब्रोकिंग कंपनीत होते. तुमच्यासारखाच प्रोग्रॅम, तुमच्यासारखंच फुगणं. कॉलेजात सी शिकलेली, त्यामुळे हात थेट सीटाइप्सकडे गेला. पायथनमधून सीची लायब्ररी उघडायची, तिचं मॅलॉक बोलवायचं, मिळालेला पत्ता जपून ठेवायचा, काम झालं की फ्री. दहा ओळींचं काम. माझ्या मशीनवर छोट्या फाइलवर मस्त चाललं. शुक्रवारी संध्याकाळी टाकलं, सोमवारी सकाळी बाजार उघडून चार मिनिटं झाली नाहीत तोवर प्रोसेस मेली. लॉगमध्ये पायथनचा एकही एरर नाही, ट्रेसबॅक नाही, नुसतं "सेगमेंटेशन फॉल्ट", म्हणजे नको त्या पत्त्याला हात लावला. मी तेव्हा दादरला गाडी बदलत होते. पुलावरच उभं राहून फोनवर सहकाऱ्याला एकेक पत्ता छापायला सांगितला. त्याने वाचलेला तिसरा पत्ता उणे होता. मेमरीचा पत्ता उणे! तिथे डोक्यात उजेड पडला.

सीटाइप्सला तुम्ही सांगितलं नाहीत, तर प्रत्येक सी फंक्शन साधा इंट परत देतं असं तो धरून चालतो. इंट 32 बिटांचा, पत्ता 64 बिटांचा. वरचे अर्धे आकडे तो कापून टाकतो, कुरकुरत नाही. त्या वेळच्या आमच्या पायथनमध्ये छोटे तुकडे खालच्या पत्त्यांवर मिळायचे, 32 बिटांत मावायचे, म्हणून चाचणीत सगळं सुरळीत. तुकडा 128 केबीच्या वर गेला की ग्लिबसी (लिनक्सवरची सीची लायब्ररी, मॅलॉक तिचंच) तो एममॅपने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडे थेट मागून, वरच्या पत्त्यांवरून आणते, आणि तिथे पत्ता तुटायचा. उपाय दोन ओळींचा: मॅलॉकच्या रेस्टाइपला (काय परत येणार) व्हॉइड पॉइंटर, म्हणजे पूर्ण पत्ता, सांगायचा, आणि फ्रीच्या आर्गटाइप्सलाही (काय दिलं जाणार) तोच. दुसरी ओळ लोक विसरतात. मग घेताना पत्ता नीट येतो आणि परत करताना तुटतो, म्हणजे नको तो पत्ता फ्रीच्या हातात. अशा कामाला बसणार असाल तर फॉल्टहँडलर आधी सुरू करा, 3.3 पासून पायथनबरोबर येतो, आणि मरता मरता निदान कोणत्या ओळीवर मेलो ते सांगतो.

हे दुरुस्त केलं, आणि मेमरी तरीही खाली आली नाही! कारण फ्री म्हणजे जागा ऑपरेटिंग सिस्टिमला परत, हा सीवाल्यांचाही गैरसमज आहे. फ्री जागा देतं ते ग्लिबसीला. एममॅपने आणलेला पहिला मोठा तुकडा सोडलात की तो लगेच परत जातो, पण त्याच वेळी ग्लिबसी शहाणपणा शिकते: या मापाचे तुकडे हा माणूस सारखे घेतो-सोडतो, तर पुढच्या वेळी आपल्याच साठ्यातून देऊ. 128 केबीची ती मर्यादा 64-बिटवर 32 एमबीपर्यंत वर सरकते. मॅलॉक_ट्रिम शून्य देऊन बोलावलं तर ती साठ्यातला रिकामा भाग परत करते, आणि हेही सीटाइप्समधून एका ओळीत होतं. खूप थ्रेड असलेल्या प्रोग्रॅमवर मी ते अजून वापरते. पण ते औषध आहे, जेवण नव्हे.

शिवाय उघड्या पत्त्याचा मूळ धोका राहतोच. त्या तुकड्यावर नमपायचा (आकड्यांच्या पायथन लायब्ररीचा) अ‍ॅरे बसवला, मग तुकडा फ्री केला, आणि अ‍ॅरे कुठेतरी जिवंत राहिला, तर पायथनला काहीच कळत नाही. नशीब चांगलं असेल तर प्रोसेस मरते. वाईट असेल तर ती जागा दुसऱ्या कुणाला मिळते आणि तुमचा अ‍ॅरे त्याचे आकडे भाव म्हणून वाचत राहतो. भावाच्या जागी भलताच आकडा, आणि तोही दिसायला भावासारखा. मेलेली प्रोसेस परवडली.

म्हणून आता मी उघडं मॅलॉक वापरत नाही, आणि तुम्हीही वापरू नका. पायथनबरोबर येणारं एममॅप मॉड्यूल घ्या. फाइलच्या जागी उणे एक द्यायचं आणि आकार सांगायचा, की ऑपरेटिंग सिस्टिमकडून थेट एक तुकडा मिळतो, मध्ये ना पायथनचा बिल्डर ना ग्लिबसीचा दलाल. क्लोज केलं की तुकडा त्याच क्षणी परत. टॉपमधला आकडा तुमच्या डोळ्यादेखत खाली येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या तुकड्यावर अ‍ॅरे किंवा मेमरीव्ह्यू (तोच तुकडा बघणारी पायथनची खिडकी) बसलेला असताना क्लोज करायला गेलात तर तो नकार देतो: बफरएरर, अजून पॉइंटर बाहेर आहेत. पहिल्यांदा हा एरर आला की राग येतो. मला तर आता तो दिसला की बरं वाटतं. सीमध्ये जी चूक तीन दिवस झोप उडवते, ती इथे एका ओळीत हातात येते.

तुमच्या कामाला हे का बसतं ते सांगते. बाजार सव्वानऊ ते साडेतीन. सहा तास पंधरा मिनिटं, म्हणजे 22,500 सेकंद. सेकंदाला एक नोंद ठेवत असाल तर एका शेअरला दिवसाच्या 22,500 नोंदी, 24 बाइटने 5,40,000 बाइट. दोनशे शेअर धरले तर 10 कोटी 80 लाख बाइट, सुमारे 103 एमबी. हेच टपलच्या लिस्टमध्ये सुमारे 721 एमबी. सकाळी नऊला एकच तुकडा घ्या, त्यावर नमपायचा दोन मिती असलेला अ‍ॅरे बसवा: आडवे शेअर, उभे सेकंद, प्रत्येक घरात वेळ-भाव-संख्या. नवीन भाव आला की योग्य घरात लिहायचा. दिवसभरात नवी जागा एक बाइट मागायची नाही. पहिल्या क्षणी मेमरी वाढलेली दिसणारही नाही, कारण लिनक्स 4 केबीचं पान तुम्ही त्यावर लिहिता तेव्हाच खरं देतो. सकाळी 103 एमबी मागितले आणि टॉपमध्ये काहीच हललं नाही म्हणून घाबरू नका.

प्रत्येक व्यवहाराची नोंद हवी असेल तर दिवसाचा आकार आधी ठरवता येत नाही. तिथे गोल फिरणारा बफर: शेवटचे अमुक लाख, मग पुन्हा पहिल्या घरापासून. पुसले जाणारे जुने व्यवहार आधी फाइलमध्ये उतरवायचे. आकार ठरवता येत नाही आणि जुनं टाकताही येत नाही, अशी अवस्था असेल तर मेमरी हाताने सांभाळायच्या भानगडीत पडू नका, सरळ डेटाबेस गाठा.

एक खोच. एममॅपचा तुकडा लिनक्सवर मुळात सामायिक असतो. नंतर फोर्क केलात, म्हणजे चालू प्रोसेसमधून (आई) तिची प्रत (मूल) काढलीत, तर मुलाने लिहिलेलं आईला दिसतं. कधी हेच हवं असतं. नको असेल तर घेतानाच प्रायव्हेटचा फ्लॅग द्या. वेगळ्या वेगळ्या सुरू केलेल्या प्रोसेसना एकच तुकडा बघायचा असेल तर 3.8 पासून शेअर्ड मेमरीचं मॉड्यूल आहे. त्यात क्लोज आणि अनलिंक ही दोन वेगळी कामं आहेत, क्लोज प्रत्येकाने, अनलिंक एकानेच. वाचणारी प्रोसेस बंद झाली की पायथनचा राखणदार तुकडाच पुसून टाकतो, हा त्रास मी भरपूर भोगलाय. 3.13 मध्ये ट्रॅक नावाचा पर्याय आला, तो वाचणाऱ्या बाजूला बंद ठेवा.

वेगाची अपेक्षा जपून ठेवा. गोदामातून एकेक भाव लूपमध्ये वाचलात तर प्रत्येक वाचनाला नवा ऑब्जेक्ट जन्मतो आणि मरतो. लिस्टपेक्षा हळू चालेल. फायदा आहे तो एका हुकमात अख्खा पट्टा हाताळला तर. आणि स्ट्रिंग, डिक्शनरी, कॉन्फिग असल्या किरकोळ गोष्टींना हात लावू नका, त्यांना पायथनच्या वस्तीतच राहू द्या. एक हुशार मुलगा मी पाहिलाय, त्याने बाइटअ‍ॅरेवर स्वतःचा मॅलॉक लिहिला होता, रिकाम्या जागांची यादी पायथनच्या लिस्टमध्ये. ती यादीच मालापेक्षा जड झाली.

प्रोसेस मारणं हाही मेमरी सोडण्याचाच प्रकार आहे, आणि त्याची उगाच लाज वाटते आपल्याला. जड काम मुलाकडे द्यायचं, ठरावीक कामं झाली की तो मरेल असं पूलला (इथे मजला नव्हे, काम करणाऱ्या मुलांचा ताफा) सांगायचं, त्यासाठी पर्याय तयार आहे: मॅक्सटास्क्सपरचाइल्ड. प्रोसेस मेली की सगळ्या इमारती एका दमात जमीनदोस्त, आजोबांसकट. फक्त मोठा डेटा आईकडे ठेवून मुलं त्यावरूनच वाचतील असं धरू नका: मुलाने नुसतं बघितलं तरी त्या डोक्यावरच्या आकड्यात लिहिलं जातं, आणि पान कॉपी होतं. कलेक्टर फिरतानाही ऑब्जेक्टच्या डोक्यावर असंच लिहितो, म्हणून इन्स्टाग्रामच्या लोकांनी 2017 मध्ये तो बंद करून बघितला होता, आणि त्यांच्याच कामातून 3.7 मध्ये जीसी.फ्रीझ आलं. एममॅपमधल्या आकड्यांना ही बाधा होत नाही, कारण त्यांच्या डोक्यावर काही नसतंच.

आता पहिली गोष्ट शेवटी. हे सगळं करायच्या आधी उद्या एक भागाकार करा. 6 जीबीला 168 ने भागलं तर 3 कोटी 80 लाखांच्या वर नोंदी येतात. दुपारी दोन वाजता तुमच्या सगळ्या लिस्टची लांबी मोजून बेरीज घ्या. ती याच्या आसपास आली तर दुखणं संसाराचं आहे, आणि वरचा एममॅपचा उपाय लागू. बेरीज वीस-तीस लाखच आली तर कुणीतरी दुसरं काही धरून बसलंय, आणि कितीही हाताने घेतलं-सोडलं तरी ते सुटणार नाही. मग ट्रेसमॅलॉक (कोणत्या ओळीने किती मेमरी घेतली ते नोंदवणारं पायथनचं मॉड्यूल) सुरू करून दहा वाजता एक आणि एक वाजता एक फोटो घ्या, दोन्हींतला फरक बघा. मला अशा वेळी सापडलेले चोर बहुतेक तीनच: मर्यादा न घातलेला एलआरयू कॅशे (फंक्शनची आधीची उत्तरं साठवून ठेवणारा), पकडून लिस्टमध्ये ठेवलेलं एक्सेप्शन (त्याच्या ट्रेसबॅकमागून अख्ख्या फंक्शनचे सगळे व्हेरिएबल जिवंत राहतात), आणि ज्युपिटर नोटबुकमध्ये चालवत असाल तर त्याची आउट नावाची डिक्शनरी, जी सेलच्या शेवटी दाखवलेलं प्रत्येक उत्तर जपून ठेवते. ट्रेसमॅलॉक म्हणाला 300 एमबी आणि टॉप म्हणाला 6 जीबी, तर समजा पायथन निर्दोष आहे. जवळजवळ रिकाम्या इमारती नाहीतर एखादी सी लायब्ररी. तेव्हा आधी मॅलॉक_ट्रिम करून बघा.

बेरीज काय येते ते कळवा. मला स्वतःला वाटतंय ती तीन कोटींच्या जवळ येईल, पण एलआरयू कॅशेवर दहा रुपये लावायला माझी हरकत नाही.